देशांतर्गत मालवाहतुकीतील बिल्टी : वर्धा जिल्ह्यातील कापूस व्यापाराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू होतो. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी, सिंदी (रेल्वे) या ठिकाणच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतून रुईच्या गाठींनी भरलेले ट्रक तामिळनाडू, गुजरात व राज्याच्या इतर भागांतील सूतगिरण्यांकडे रवाना होऊ लागतात. ट्रक फाटकाबाहेर पडताना चालकाच्या हाती कागदांचा एक गठ्ठा असतो. त्यात विक्रीचे बीजक, वजनकाट्याची पावती, ई-वे बिल, विम्याचा तपशील आणि वाहतूकदाराची बिल्टी असते. यांपैकी बीजक व ई-वे बिल काळजीपूर्वक तयार केले जाते, कारण त्यांत चूक निघाल्यास रस्त्यातच गाडी अडते. बिल्टी मात्र बहुधा वाहतूकदाराच्या कारकुनाने घाईत भरलेली असते व तिच्यातील निम्मे रकाने कोरे असतात. गाडी सुखरूप पोहोचली तर या कोऱ्या रकान्यांमुळे कोणाचेही काही बिघडत नाही. गाडी उलटली, जळली, माल भिजला किंवा गाठी कमी उतरल्या, तर नुकसानीचा निवाडा मात्र याच कागदावरून होतो.

इंग्रजीत ज्यास कन्साइनमेंट नोट म्हणतात त्या दस्तऐवजाला परिभाषेच्या मराठीत ‘परेषण’ या शब्दावरून बनलेले नाव दिले जाते. बाजारात मात्र ‘बिल्टी’, ‘एल. आर.’ म्हणजे लॉरी रिसीट आणि ‘जी. आर.’ म्हणजे गुड्स रिसीट हीच नावे रूढ आहेत. प्रस्तुत लेखात ‘बिल्टी’ हाच शब्द वापरला आहे. या दस्तऐवजाचे कायदेशीर स्वरूप, त्यात कालानुरूप झालेले बदल व वर्धा जिल्ह्यातील कापूस व्यवहारात त्यामुळे कोणावर कोणती जोखीम येते, याचे विवेचन करणे हा या लेखाचा हेतू आहे. वाणिज्य व विधी शाखेच्या प्राध्यापकांना हा विषय अभ्यासक्रमातील एका परिच्छेदापुरता परिचित असतो. आपल्या महाविद्यालयापासून दोन-चार किलोमीटरवर दररोज घडणारा हा व्यवहार त्याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे.

पूर्वपीठिका

मालाची जबाबदारी घेऊन तो दुसऱ्या गावी पोहोचविणारा व्यावसायिक आपल्याकडे मोटारीच्या आधीपासून आहे. मराठीत त्यास हुंडेकरी म्हणत. ठरलेल्या एकाच रकमेत भाडे, वाटेतील जकाती व इतर खर्च यांचा भार तो उचलत असे. वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापूस रेल्वेपूर्व काळात बैलांच्या तांड्यांवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. धूळ, पाऊस व वाटेतील भेसळ यांमुळे तो तेथे कोणत्या अवस्थेत पोहोचेल याची शाश्वती नसे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) भारतीय कापसाला मागणी वाढली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळसा खाणींकडे गेलेल्या मार्गाने हिंगणघाटही जोडले गेले व आर्वीच्या कापसासाठी पुलगाव-आर्वी हा अरुंदमापी मार्ग झाला. मिर्झापूरची वाट त्यामुळे सुटली आणि कापूस मुंबईकडे वळला.

रेल्वेबरोबर रेल्वे रसीद आली व ‘कागद हाती आला म्हणजे माल हाती आला’ ही व्यापारी समजूत पक्की झाली. तिला कायद्याचाही आधार आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाने मालकीदर्शक दस्तऐवजांच्या व्याख्येत रेल्वे रसीदीचा नावानिशी समावेश केला आहे. लॉरी रिसीटचे नाव त्या व्याख्येत नाही. धंद्याच्या नित्यक्रमात मालाचा ताबा किंवा नियंत्रण दर्शविण्यासाठी वापरला जाणारा ‘इतर कोणताही दस्तऐवज’ या सर्वसाधारण शब्दांतून तिला प्रवेश मिळवावा लागतो. म्हणजे प्रत्येक वादात तशी प्रथा असल्याचे दाखविण्याचा भार दावा करणाऱ्यावर येतो. मालवाहतूक रेल्वेकडून रस्त्याकडे सरकली, पण कागदाची प्रतिष्ठा त्याच वेगाने सरकली नाही.

१८६५ चा कायदा आणि २००७ चा कायदा

रस्त्यावरील वाहकांसाठी १८६५ चा वाहक अधिनियम जवळपास दीड शतक लागू होता. बैलगाडीच्या काळातील या कायद्याने ट्रकवाहतुकीचाही कारभार पाहिला. त्याचे मुख्य तत्त्व मालधन्याच्या बाजूचे होते. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी मालधन्यावर नव्हती. आपण पुरेशी काळजी घेतली होती हे वाहकानेच दाखवायचे होते.

संसदेने २००७ मध्ये रस्तामार्गे वहन अधिनियम संमत केला. तो व त्याखालील नियम प्रत्यक्षात १ मार्च २०११ पासून अमलात आले आणि १८६५ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने वाहकाला नोंदणी बंधनकारक केली. ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत माल नोंदणी करणारी कंपनी, ठेकेदार, अभिकर्ता व दलाल यांनाही घेतले. ही तरतूद आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. जिनिंग मालकाचा व्यवहार ट्रकमालकाशी क्वचितच होतो. तो होतो गाडी लावून देणाऱ्या दलालाशी. ‘मी फक्त गाडी लावून दिली’ हा दलालाचा पवित्रा या व्याख्येपुढे टिकणे कठीण आहे, मात्र त्याने स्वतःच्या नावाची बिल्टी दिलेली असली पाहिजे.

या कायद्याने एका कागदाचे दोन कागद केले, याकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिला कागद माल पाठविणाऱ्याने भरून द्यायचा. तो म्हणजे फॉरवर्डिंग नोट. त्यात मालाचे वर्णन, नग, वजन व किंमत पाठविणाऱ्याने जाहीर करायची आणि त्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारीही त्यानेच घ्यायची. दुसरा कागद वाहकाने द्यायचा. तो म्हणजे गुड्स रिसीट, आपली बिल्टी. ती तीन प्रतींत काढून मूळ प्रत पाठविणाऱ्याला द्यायची. माल पाठविणाऱ्याने स्वतः भरला असेल तर भरणा पूर्ण होताच व अन्य बाबतीत वाहकाने माल स्वीकारताच ती दिली गेली पाहिजे. वजन, नगसंख्या व इतर तपशील यांबाबत ही बिल्टी सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. व्यवहारात फॉरवर्डिंग नोट बहुधा भरलीच जात नाही. बीजकाची प्रत वाहतूकदाराच्या माणसाकडे दिली की पाठविणाऱ्याला आपले काम संपले असे वाटते. ही समजूत किती महागात पडू शकते, ते पुढील भागात पाहू.

भाड्याच्या दहापट : मर्यादेचे गणित

जुन्या कायद्यात ठरावीक मौल्यवान वस्तू वगळता वाहकाची जबाबदारी मालाच्या पूर्ण किमतीपर्यंत पोहोचू शकत असे. नव्या कायद्याच्या दहाव्या कलमाने तिला मर्यादा घातली. पाठविणाऱ्याने वाढीव जोखीम दर देण्याचे स्पष्टपणे मान्य केले नसेल, तर वाहक नियमांनी ठरवून दिलेल्या रकमेपुरताच जबाबदार असतो. २०११ च्या नियमांनुसार ही रक्कम म्हणजे दिलेल्या अथवा देय भाड्याच्या दहापट होय. तीही फॉरवर्डिंग नोटमध्ये जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. रुईची प्रमाण गाठ १७० किलोची व व्यापारातील नेहमीचा सौदा १०० गाठींचा असतो. १०० गाठी म्हणजे १७,००० किलो. रुईचा भाव खंडीवर बोलला जातो व खंडी ३५५.६२ किलोची असते. तेव्हा एका सौद्यात सुमारे ४७.८ खंडी रुई होते. खंडीचा भाव ५५,००० रुपये धरल्यास मालाची किंमत सुमारे २६ लाख २९ हजार रुपये होते. हिंगणघाटहून कोइमतूरपर्यंतचे भाडे ६०,००० रुपये ठरले असे समजू. भाव आणि भाडे हे दोन्ही आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. वाटेत गाडी जळून सर्व रुई नष्ट झाली, तर वाहकाकडून कमाल मिळू शकणारी रक्कम ६ लाख रुपये आहे. उरलेल्या २० लाख २९ हजारांचा भार विमा कंपनीवर किंवा, विमा नसेल तर, मालधन्यावर पडतो.

भाडे जितके कमी ठरेल तितके वाहकाचे दायित्वही कमी होते, हा या सूत्राचा आणखी एक परिणाम आहे. घासाघीस करून भाड्यात ५,००० रुपये वाचविणारा व्यापारी त्याच वेळी वाहकाची जबाबदारी ५०,००० रुपयांनी घटवीत असतो. जवळच्या अंतरावर तर ही मर्यादा फारच तोकडी पडते. वर्ध्याहून नागपूरपर्यंत तीच रुई पाठविली तर भाडे कोइमतूरच्या मानाने किरकोळ असेल, मालाची किंमत मात्र तेवढीच राहील.

यावर उपाय कायद्यातच दिला आहे. अकराव्या कलमानुसार वाहक वाढीव जोखीम दर आकारून पूर्ण किमतीची जबाबदारी घेऊ शकतो. तसा दर आकारायचा तर त्याची सूचना आपल्या कार्यालयात इंग्रजीत व राज्याच्या भाषेत लावणे त्याला आवश्यक आहे. महाराष्ट्रात ती मराठीत हवी. नोंदणी कार्यालयात भाड्याची घासाघीस करणाऱ्याने ‘वाढीव जोखीम दर किती?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे. तो विचारला जात नाही, म्हणून असा दर असतो हेही अनेकांना ठाऊक नसते.

या मर्यादेस एक अपवाद आहे व तो महत्त्वाचा आहे. वाहकाच्या किंवा त्याच्या नोकर-अभिकर्त्यांच्या गुन्हेगारी कृत्यामुळे नुकसान झाले असल्यास कायद्यात वाहकाच्या जबाबदारीची स्वतंत्र तरतूद आहे. चालकाने संगनमताने गाठी विकल्या, अशा प्रकरणात पोलिसांत वेळीच तक्रार नोंदविणे भरपाईच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते. आग, अपघात व भिजणे यांबाबत दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, शासकीय निर्बंध अशी कारणे सिद्ध झाल्यासच वाहक सुटू शकतो. विजेच्या तारेला गाठी घासून लागलेली आग दैवी आपत्ती ठरविणे अवघड आहे. गाठी प्रमाणाबाहेर उंच रचल्या असतील, तर त्या कोणी रचल्या हा प्रश्न मात्र उभा राहतो.

वजन, नग आणि ‘पाठविणाऱ्याच्या सांगण्यानुसार’

जवळपास प्रत्येक छापील बिल्टीवर मालाचे वर्णन व वजन पाठविणाऱ्याच्या सांगण्यानुसार लिहिले असून वाहकाने ते तपासलेले नाही, अशा आशयाचे वाक्य असते. बंद पेटीतील मालाबाबत ते समजण्यासारखे आहे. रुईच्या गाठी मात्र मोजता येतात व प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक असतो. तरीही बिल्टीवर ‘१०० गाठी रुई’ एवढेच लिहिले जाते. ‘अनुक्रमांक अमुक ते अमुक’ हे चार शब्द वाढविल्यास अर्धा वाद मिटतो, कारण मग कमी उतरलेल्या किंवा बदललेल्या गाठी नेमक्या कोणत्या हे सांगता येते.

वजनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कापूस हवेतील ओलावा शोषतो व सोडतो. विदर्भातील कोरड्या थंडीत भरलेली गाठ दमट हवेच्या गावी जड भरू शकते आणि ओलाव्याने जड असताना भरलेली गाठ उन्हाळ्यात हलकी. त्यामुळे दोन काट्यांवरील फरक हा चोरीचा पुरावा असेलच असे नाही. असा फरक बहुधा उतरविणाऱ्या गिरणीच्या काट्यानुसार धरला जातो आणि घट विकणाऱ्याच्या बिलातून कापली जाते. जिनिंग मालक ती रक्कम वाहतूकदाराच्या शिल्लक भाड्यातून कापू पाहतो व वाहतूकदार ती चालकाच्या माथी मारतो. चालकाचा तर या सौद्याशी कोणताच संबंध नसतो. ही साखळी तोडण्याचा मार्ग बिल्टीतूनच जातो. भरतेवेळच्या काट्याचे नाव, पावती क्रमांक, रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन, वेळ आणि शक्य असल्यास ओलाव्याचे प्रमाण बिल्टीवर नोंदवून चालकाची सही घेतली, तर सकृद्दर्शनी पुराव्याला काही अर्थ राहतो. सौद्याच्या वेळीच घटीची सहनमर्यादा ठरवून घेणे तर याहून उत्तम.

रेल्वेच्या बाबतीतही १९८९ च्या अधिनियमात असाच भेद आहे. रेल्वे रसीद वजन व नगांचा सकृद्दर्शनी पुरावा असली, तरी रेल्वे कर्मचाऱ्याने तपासणी न केलेल्या वाघिणीबाबत ते सिद्ध करण्याचा भार पाठविणाऱ्यावर येतो.

मागील बाजूच्या छापील अटी

बिल्टीची मागील बाजू बारीक अक्षरांतील अटींनी भरलेली असते व ती वाचण्याचा प्रघात नाही. या अटी पाहून मालधनी हतबल होतो. त्यांतील बऱ्याच अटी न्यायालयात टिकलेल्या नाहीत, हे म्हणून सांगितले पाहिजे.

‘सर्व वाद केवळ अमुक शहरातील न्यायालयात’ ही अट घेऊ. पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी (१९९१) या प्रकरणात तामिळनाडूतील बोडीनायकनूर येथून दिल्लीला पाठविलेल्या वेलदोड्यांचा वाद होता व बिल्टीवर मुंबईच्या न्यायालयाचा उल्लेख होता. ज्या ठिकाणी वाहकाचे शाखा कार्यालय आहे आणि तेथेच वादाचे कारण घडले आहे, तेथे दावा चालतो. केवळ मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून तेथील न्यायालयाला मूळात नसलेला अधिकार पक्षकारांच्या कराराने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हिंगणघाटच्या शाखेत नोंदलेल्या मालासाठी हिंगणघाटकराने दूरच्या महानगरात खेटे घालावेत, असे ही अट सांगत असली तरी कायदा सांगत नाही.

‘माल मालकाच्या जोखमीवर’ हा शिक्काही सर्वत्र आढळतो. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज (२०००) या निर्णयानुसार अशा शब्दांनी वाहक स्वतःच्या निष्काळजीपणाच्या परिणामांतून मुक्त होत नाही. त्याचप्रमाणे ३० दिवसांत लेखी मागणी न केल्यास दावा चालणार नाही, अशा स्वरूपाची अट एम. जी. ब्रदर्स लॉरी सर्व्हिस विरुद्ध प्रसाद टेक्स्टाइल्स (१९८३) या प्रकरणात अवैध ठरली, कारण कायद्याने दिलेली अधिक मुदत ती हिरावून घेत होती. हे तिन्ही निर्णय १८६५ च्या कायद्याच्या काळातील आहेत. त्यांतील तत्त्वे नव्या कायद्याखालीही उपयुक्त आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भरपाईच्या रकमेवरील दहापटीची मर्यादा मात्र आता वाहकाच्या छापील अटीत नसून थेट कायद्यात आहे. ती न्यायालयाकडून बाजूला सारली जाण्याची आशा धरू नये.

बँक, विमा आणि मूळ प्रत

उधारीच्या व्यवहारात बिल्टीचे आणखी एक काम असते. विकणारा बीजक, हुंडी व बिल्टी आपल्या बँकेमार्फत खरेदीदाराच्या बँकेकडे पाठवितो. खरेदीदार पैसे भरून बिल्टी सोडवितो व ती दाखवून माल घेतो. मोर्वी मर्कंटाइल बँक विरुद्ध भारत सरकार (१९६५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे रसीद तारण घेणाऱ्या बँकेला मालाच्या नुकसानीबद्दल रेल्वेवर दावा करता येतो, असे ठरविले व या पद्धतीला बळ मिळाले. लॉरी रिसीटबाबत बँका सावध असतात. इंडियन बँक्स असोसिएशनने मान्यता दिलेल्या वाहतूकदारांच्या बिल्टीवरच त्या विश्वास ठेवतात, ही बाब दलालामार्फत मिळेल ती गाडी लावणाऱ्या लहान जिनिंग मालकाला अडचणीची ठरते. शिवाय पूर्ण ट्रकभर माल थेट गिरणीच्या फाटकात उतरतो. तेथे चालकाकडे मूळ बिल्टी मागण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. माल उतरला आणि बिल्टी बँकेतच पडून राहिली, असे झाल्यास बँकेचे तारण नावापुरतेच उरते. बिल्टीवर माल घेणारा म्हणून खरेदीदाराऐवजी बँकेचे नाव किंवा ‘सेल्फ’ लिहून व मूळ प्रतीशिवाय माल देऊ नये अशी नोंद करून हा धोका बराच कमी करता येतो.

कोणाचे नुकसान होते, हेही बिल्टीशी निगडित आहे. मालविक्री अधिनियमानुसार, विरुद्ध करार नसल्यास, वाहकाच्या हाती माल देणे म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदाराला देणे होय. त्यामुळे विकणारा निश्चिंत असतो. त्याच अधिनियमाच्या ३९ व्या कलमात मात्र विकणाऱ्याने मालाचे स्वरूप पाहून वाहकाशी वाजवी करार केला पाहिजे, अशी अट आहे. तसे न केल्यास माल वाटेत नष्ट झाल्यावर खरेदीदार ती सुपूर्दगी नाकारू शकतो. पंचवीस लाखांची रुई किमतीचा रकाना कोरा ठेवून पाठविणे हा वाजवी करार म्हणता येईल काय, असा प्रश्न खरेदीदाराच्या वकिलाने उपस्थित केल्यास विकणाऱ्याला उत्तर देणे जड जाईल.

विमा उतरविला म्हणजे बिल्टीची गरज संपली, हा समजही तपासून पाहावा. विमा कंपनी भरपाई दिल्यानंतर विमेदाराच्या जागी उभी राहून वाहकाकडून वसुली करते. इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या सूतवाहतुकीच्या प्रकरणात २०१० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या प्रतिस्थापनेचे नियम सविस्तर मांडले आहेत. वाहकाविरुद्धचे हक्क शाबूत ठेवणे ही विमेदाराची जबाबदारी असते. सदोष बिल्टीमुळे किंवा वेळेत नोटीस न दिल्यामुळे ते हक्क बुडाले, तर विमा कंपनी आपल्या दाव्यात वजावट सुचविते. ग्राहक मंचाचा सुलभ मार्ग व्यापाऱ्याला १५ मार्च २००३ पासून जवळपास बंद झाला आहे, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या दिवसापासून ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. २०१९ च्या कायद्यातही हीच स्थिती कायम आहे.

कराचा उलटा परिणाम

बिल्टीची वैधानिक व्याख्या वाहतूक कायद्याआधी कर कायद्यात रुजली, ही मौजेची गोष्ट आहे. १ जानेवारी २००५ पासून माल वाहतूक संस्थांच्या सेवेवर सेवाकर लागू झाला. त्याच्या नियमांत क्रमांक घातलेला, पाठविणारा व घेणारा यांची नावे, गाडीचा नोंदणी क्रमांक, मालाचा तपशील, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण आणि कर कोण भरणार याची नोंद असलेला दस्तऐवज, अशी व्याख्या करण्यात आली. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातही बिल्टी देणारा तोच ‘माल वाहतूक संस्था’ ठरतो. बिल्टी न देता केवळ ट्रक चालविणाऱ्याच्या रस्ता वाहतूक सेवेवर कर नाही. बिल्टी दिली की नोंदणीकृत व्यापारी, कारखाना, भागीदारी संस्था, सहकारी संस्था यांच्यावर सर्वसाधारणतः ५ टक्के कर उलट आकारणीने भरण्याची जबाबदारी येते.

यातून एक विसंगती निर्माण होते. वहन अधिनियम सांगतो की पावती दिलीच पाहिजे, तर कर कायद्यात पावती न देणाऱ्याला मोकळीक आहे. कर वाचविण्यासाठी बिल्टी टाळणारा व्यापारी स्वतःच्या हातातील एकमेव पुरावा टाळत असतो. शेतकऱ्याच्या कापसासारख्या शेतमालाच्या वाहतुकीला कर माफ आहे. तेथे तर बिल्टी टाळण्याचे हे कारणही उरत नाही, तरीही गावातून बाजार समितीत किंवा जिनिंगमध्ये जाणारा कापूस बहुतेक वेळा कोणत्याही कागदाविना जातो.

ई-वे बिलामुळे आणखी एक गैरसमज पसरला आहे. आंतरराज्य वाहतुकीसाठी ते १ एप्रिल २०१८ पासून व महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी त्याच वर्षीच्या २५ मेपासून आले. त्यावर गाडीचा क्रमांक, मालाची किंमत, अंतर सारे काही असल्याने बिल्टी आता अनावश्यक आहे, असे काही जण मानतात. ई-वे बिल हा शासनाला दिलेला तपशील आहे. माल स्वीकारल्याची वाहकाची कबुली त्यात नाही, सही नाही आणि दायित्वाचे वचनही नाही. वाहतूक दस्तऐवजाचा क्रमांक लिहिण्याची जागा त्यात आहे, आणि ती जागा बिल्टीसाठी आहे.

संत्रा आणि विलंब

कापसाच्या मानाने संत्र्याचा प्रश्न निराळा आहे, म्हणून त्याचा थोडक्यात उल्लेख करतो. कारंजा (घाडगे), आर्वी व आष्टी तालुक्यांतील संत्रा दूरच्या बाजारांत जातो. तेथे हरवण्यापेक्षा उशिराची भीती अधिक असते. दहाव्या कलमानुसार फॉरवर्डिंग नोटमध्ये परस्परसंमतीने मुदत नमूद केली असल्यास त्या मुदतीच्या आतील विलंबाबद्दल वाहकाचे दायित्व भाड्याच्या रकमेपुरते असते. मुदत उलटल्यावर मात्र दहापटीच्या किंवा वाढीव जोखीम दराच्या नियमानुसार भरपाई देय होते. अर्थात मुदत लिहिलेलीच नसेल तर ‘उशीर’ कशाला म्हणायचे, येथूनच वाद सुरू होतो. शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतः माल पाठवू लागल्या आहेत. ‘७२ तासांत पोच’ एवढी नोंद त्यांनी फॉरवर्डिंग नोटवर करून घेतली, तरी त्यांची स्थिती पुष्कळ सुधारेल.

१८० दिवसांची नोटीस

नुकसानीचा दावा लावण्यापूर्वी वाहकाला लेखी नोटीस देणे सोळाव्या कलमाने आवश्यक केले आहे. १८६५ च्या कायद्यात ही मुदत नुकसान कळल्यापासून सहा महिने होती. नव्या कायद्यात ती माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवस आहे. वरवर दोन्ही मुदती सारख्या वाटतात, पण मोजणीचा आरंभ बदलल्याने मालधन्याचे दिवस कमी झाले आहेत. दाव्याची स्वतंत्र मुदत मुदत अधिनियमानुसार तीन वर्षांची असली, तरी नोटीस चुकली की ती तीन वर्षे निरुपयोगी ठरतात.

गाडीला अपघात झाल्यावर प्रथम पंचनामा, मग विमा सर्वेक्षक, मग गिरणीशी पत्रव्यवहार, मग वाहतूकदाराची ‘पाहतो, करतो’ अशी आश्वासने, या क्रमात महिने सहज निघून जातात. १० डिसेंबरला नोंदविलेल्या गाठींची मुदत ८ जूनला संपते, म्हणजे मृग लागण्याच्या सुमारास. त्या वेळी जिनिंगचे पट्टे थांबलेले असतात, हंगामी मुनीम घरी गेलेला असतो आणि जिल्ह्यातील प्रत्येकाचे लक्ष पेरणीकडे लागलेले असते. नोटीस बिल्टीवर नाव असलेल्या वाहकाला, बिल्टी क्रमांक, तारीख, गाडी क्रमांक, गाठींचे अनुक्रमांक व मागणीची रक्कम लिहून, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावी. दलालाच्या भ्रमणध्वनीवर टाकलेल्या संदेशावर भिस्त ठेवू नये. विमा कंपनीला दिलेले दावापत्रही वाहकाला दिलेली नोटीस ठरत नाही. मूळ बिल्टी गिरणीकडे किंवा बँकेत अडकलेली असल्यास तिची छायाप्रत नोंदणीच्या दिवशीच काढून हंगामाच्या नस्तीत लावून ठेवावी, कारण हे सर्व तपशील जूनमध्ये तिच्यावरूनच उतरवून घ्यायचे असतात.